मागल्या दाराने मार्सेय

मराठी वाचकाच्या मनातील मार्सेय हे समुद्राकडून पाहिलेले नगर आहे. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाल्यापासून विमानप्रवास रूढ होईपर्यंत, मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस निघालेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी, बॅरिस्टरीच्या उमेदवारांनी आणि संस्थानिकांनी फ्रान्सच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते याच बंदरात. ज्यांना घाई असे ते आगबोट येथेच सोडून रेल्वेने कॅलेकडे रवाना होत आणि जिब्राल्टरच्या वळशाचे दिवस वाचवीत. आम्ही उभयतांनी मात्र 2025 च्या जुलैत, फ्रान्सचा राष्ट्रीय सण 14 जुलै सोमवारी येऊन शनिवार-रविवारला जोडला गेला तेव्हा, ल्योंहून मोटारीने, म्हणजे या नगराच्या पाठीमागून, त्यात प्रवेश केला. आणि माझे असे मत झाले की समुद्रावरून आलेल्या आपल्या पूर्वजांना दिसलेले मार्सेय अर्धेच होते, कारण ज्या मुलखाचे हे बंदर आहे तो मुलूख ओलांडल्यावाचून त्या बंदराचे महत्त्व ध्यानात येत नाही.

ल्यों ते मार्सेय हे अंतर सुमारे 315 किलोमीटरांचे. पॅरिसपासून मार्सेयपर्यंतचा सलग द्रुतगती मार्ग 1970 च्या ऑक्टोबरात पुरा झाला. तत्पूर्वी दक्षिणेकडची बहुतेक रहदारी पॅरिसहून इटलीच्या हद्दीपर्यंत जाणाऱ्या सातव्या क्रमांकाच्या राष्ट्रीय रस्त्याने होत असे. या वाटेवरच्या गर्दीचे मूळ शोधू गेल्यास ते एका कायद्यापाशी सापडते. लेआँ ब्लूम यांच्या सरकारने 20 जून 1936 च्या कायद्यान्वये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवून दिली, रेल्वेभाड्यात 40 टक्के सूट दिली, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी असंख्य माणसे त्या उन्हाळ्यात घराबाहेर पडली. दोघांनी मिळून चालवायच्या लांबट सायकलीवर सामान बांधून निघालेले तरुण जोडपे हे त्या वर्षाचे चित्र फ्रेंचांच्या स्मरणात आजतागायत राहिले आहे. रजा पुढे 1956 मध्ये तीन, 1969 मध्ये चार आणि 1982 मध्ये पाच आठवड्यांची झाली, मोटारीही वाढल्या. 1975 च्या ऑगस्टारंभी देशभरच्या रस्त्यांवर मिळून सुमारे 600 किलोमीटर लांबीची कोंडी झाली, तेव्हा सरकारने बंदोबस्त केला, आणि 1976 पासून सुट्टीच्या प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, तांबडा वा काळा रंग देणारे पत्रक निघू लागले, ते पंचांगातल्या मुहूर्ताइतक्या श्रद्धेने पाहूनच फ्रेंच कुटुंब घराला कुलूप लावते. सामान्य माणसाच्या विश्रांतीला राज्याने इतक्या गांभीर्याने आपले कर्तव्य मानावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आम्ही उजाडण्यापूर्वीच निघालो. मोटार पत्नीच्या हाती होती. ऱ्होन नदी कधी डाव्या तर कधी उजव्या अंगाने सोबत करते. व्हिएन येथे ऑगस्टस आणि लिव्हिया यांच्या नावाचे रोमन मंदिर अद्याप उभे आहे. व्हालांस मागे पडल्यावर उजेड पालटतो, कौले उतरती न राहता जवळजवळ सपाट होतात, आणि शेतांच्या उत्तरेस सुरूची दाट रांग दिसू लागते. मिस्त्राल नावाचा जो शुष्क, थंड वारा या खोऱ्यातून समुद्राकडे धावतो, त्याच्यापासून पिकाचे रक्षण व्हावे म्हणून ती लावलेली असते, आणि जुन्या शेतघरांच्या उत्तरेकडील भिंतींना खिडक्या नसतात त्याही याच कारणाने. 1792 च्या जुलैत मार्सेयचे सुमारे 500 स्वयंसेवक पॅरिसच्या दिशेने पायी निघाले, तेव्हा हीच उत्तर-दक्षिण वाट त्यांनी उलट तुडवली होती. 2 जुलैला निघून ते 30 जुलैला पॅरिसात पोचले. त्यांच्या मुखी जे गीत होते, ते स्ट्रासबुर्गमध्ये रचले गेले असूनही जगाने ते मार्सेयच्याच नावाने ओळखले.

नगरात शिरताना मुख्य मार्ग सोडून आम्ही समुद्रालगतचा रस्ता धरला. पेन-मिराबो गावापासून लेस्ताकपर्यंतच्या टेकड्या 8 जुलैच्या वणव्याने करपलेल्या होत्या, आणि त्या काळ्या उतारांच्या पुढे एकदम निळे पाणी, याऱ्या आणि कॉर्सिकेस जाणाऱ्या पांढऱ्या बोटी दिसल्या.

ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया नगरीचे ग्रीक दर्यावर्दी येथे उतरले. त्यांची आख्यायिका आपल्या वाचकास परकी वाटणार नाही: स्थानिक राजा नानुस याच्या कन्येचे त्याच दिवशी स्वयंवर होते, भोजनाअंती जिच्या हातचे पाण्याचे पात्र ज्याला मिळेल तो वर ठरायचा, आणि जिप्तिस नावाच्या त्या कन्येने ते पात्र नुकत्याच आलेल्या प्रोतिस या पाहुण्याच्या हाती दिले. एका विवाहावर आपली स्थापना झाली असे सांगणारी ही नगरी आम्हां उभयतांना तेवढ्यानेच आपलीशी वाटली.

जुन्या बंदराच्या माथ्याशी रोज सकाळी कोळी आपला माल मांडतात. उथळ निळ्या थाळ्यांत थोडेसे समुद्राचे पाणी, त्यात तांबूस, काटेरी, रुंद तोंडाचा रास्कास मासा, शेजारी वामीसारखा लांब काँग्र, आणि वजनकाट्यामागे हात पुसत उभी असलेली कोळीण. पत्नी मालवणची, ती सवयीने वाकून कल्ले पाहू लागली आणि म्हणाली, “अहो, हा तर अजून श्वास घेतोय!” याच खडकाळ माशांची बुईयाबेस होते. तिच्या नावाखाली प्रवाशांची फसवणूक होऊ नये म्हणून येथील काही उपाहारगृहांनी 1980 साली एक करारनामाच केला: निदान चार ठरावीक जातींचे मासे हवेत, आणि ते गिऱ्हाइकासमोर कापून वाढायला हवेत. आधी केशराचा रस्सा व लसूण चोळलेला भाजका पाव, मग मासे, हा क्रम ठरलेला.

बंदराच्या उत्तर काठालगतची बहुतेक वस्ती मात्र जुनी नाही. 1943 च्या जानेवारीत जर्मन अंमलदारांनी, फ्रेंच पोलिसांच्या साहाय्याने, तेथील हजारो रहिवासी हुसकले आणि फेब्रुवारीत सुमारे 1,500 इमारती सुरुंगांनी उडवल्या. त्या जागी पुढे उभ्या राहिलेल्या सरळ, करड्या घरांकडे पाहताना मन विषण्ण होते.

धक्क्यावरून इफ बेटाकडे बोटी जातात. तेथील किल्ला एका कादंबरीमुळे प्रसिद्ध पावला. आमच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही की, गुजरातच्या मुजफ्फरशहा सुलतानाने गोव्यास पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्ककडे नजर केलेला गेंडा, लिस्बनहून पोपकडे भेट म्हणून जात असता, 1516 च्या आरंभी मार्सेयसमोरच्या या बेटांत उतरवला गेला आणि राजा पहिला फ्रान्स्वा याने तो येथे पाहिला. पुढे ते जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाले. जर्मन चित्रकार ड्यूररने ज्याचे चित्र प्रत्यक्ष न पाहताच कोरले, तोच हा प्राणी.

आता सावरकरांविषयी. मराठी प्रवासी जुन्या बंदरावर उभा राहून “कुठे बरे मारली असेल ती उडी?” असे विचारतो, पण ती जागा तेथे नाही. जुन्या बंदराची खोली मोठ्या आगबोटींना अपुरी पडू लागल्याने 1844 पासून उत्तरेस जोलिएतचे नवे बंदर बांधण्यात आले, आणि पुढे धक्के त्याच बाजूस वाढत गेले. सावरकरांना बंदी म्हणून हिंदुस्थानात नेणारी, दहा हजार टनांवरची ‘मोरिया’ लागली असणार ती तिकडेच. 8 जुलै 1910 च्या सकाळी शौचकूपाच्या गवाक्षातून निसटून, पोहून, धक्क्यावर चढून सावरकर काहीशे मीटर धावले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना धरले आणि आगबोटीवरच्या इंग्रज पहारेकऱ्यांच्या हवाली केले. तो त्यांना गुन्हा करून पळणारा खलाशी समजला असावा. फ्रान्सच्या भूमीवर आश्रयास आलेला राजकीय बंदी परत दिला गेला, यावर कार्ल मार्क्सचे नातू झाँ लाँगे यांनी वृत्तपत्रांतून आवाज उठवला, आणि दोन्ही सरकारांनी 25 ऑक्टोबरच्या करारनाम्याने फिर्याद हेगच्या लवाद न्यायालयापुढे ठेवली. पाच लवादांनी 24 फेब्रुवारी 1911 रोजी निवाडा दिला की अटकेत अनियमितता झाली खरी, परंतु इंग्लंडने कपट वा बळ वापरलेले नसल्याने बंदी परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. दोष मान्य करून परिमार्जन नाकारणारा हा निवाडा मला आजही अन्यायाचा वाटतो. आणि तो येईपर्यंत, 24 डिसेंबर व 30 जानेवारीला, मुंबईत सावरकरांना दोन जन्मठेपी ठोठावल्या गेल्याही होत्या.

याच बंदरात 26 सप्टेंबर 1914 रोजी लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाई पश्चिम आघाडीकडे जाण्यासाठी उतरले. माझार्ग येथील दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. 11 सप्टेंबर 1931 रोजी गोलमेज परिषदेस निघालेले गांधीजी ‘राजपुताना’ बोटीवरून येथेच उतरले. म्हणून मराठी प्रवाशाने जुन्या बंदरावरची सकाळ आटोपली की मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावरचे जोलिएत स्थानक गाठावे. समोरच 365 मीटर लांबीची, एकोणिसाव्या शतकातील प्रचंड गोदी-इमारत आहे. आत आता दुकाने व कचेऱ्या आहेत. तिच्या पलीकडे सुट्टीच्या दिवसांत अल्जीरियाला जाणाऱ्या बोटींसाठी, टपावर गाद्या आणि सायकली बांधलेल्या मोटारींची रांग लागलेली असते.