न मिळणाऱ्या स्विचचा मागोवा

जुन्या रेडिओचं घोडं व्हॉल्व्हपेक्षा स्विचपाशीच जास्त अडतं. व्हॉल्व्हवर नंबर असतो; डीके९२ कोणत्याही कंपनीचा घ्या, बसतो. लहरींचा पट्टा बदलणाऱ्या बँड स्विचचं तसं नव्हतं. त्याच्या चकत्या किती, दांडी केवढी, हे मर्फीचं वेगळं, फिलिप्सचं वेगळं आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही सारखं नसे.

जालन्याचंच पाहा: १९५६ पर्यंत हे शहर हैदराबाद राज्यात होतं. सुटा भाग हवा तर एकीकडे हैदराबादचा बाजार, दुसरीकडे मनमाडला मीटरगेज सोडून गाडी बदलत मुंबईचा लॅमिंग्टन रोड. अंबड, भोकरदन, परतूरकडच्या ज्या गावांत वीज नव्हती, तिथे सेट बॅटरी पॅकवर चालत: ९० व्होल्ट व्हॉल्व्हच्या प्लेटला, दीड व्होल्ट फिलामेंटला. म्हणून व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवरचा स्विच दुहेरी असे, दोन्ही वाटा एकदम तोडणारा. त्यातली फिलामेंटची बाजू चिकटली, तर सेट मुका असूनही बॅटरी उतरत राही. महागडी बॅटरी अशी वाया जाणं घराला परवडणारं नव्हतं.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर ट्रान्झिस्टरने घरं काबीज केली होती. पोस्टातून काढायचं रेडिओचं लायसन्सही त्याच दशकात गेलं. व्हॉल्व्हचे सेट माळ्यावर चढले आणि तिथून भंगारात. जालन्यात तर भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्याच आहेत. लोखंडाचं पुन्हा काहीतरी होतं, पण चांदीचा मुलामा दिलेला बँड स्विच गेला की गेला. या शहराच्या उद्योगाचा मला अभिमान आहे, तरी ही हानी सलते.

व्हॉल्व्हच्या काळात खरखर आली की मेकॅनिक सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, टाकून संपर्क धुवायचे. ते यकृताला घातक आणि ओझोनलाही. मॉन्ट्रियल करारामुळे २०१० पासून त्याचा असा वापर थांबला. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो. कानस मात्र लावू नये; मुलामा निघाला की खालचं पितळ लवकर काळं पडतं.

साफसफाईने भागलं नाही, तर नवा व्हॉल्यूम कंट्रोल बसवायचा मोह होतो. तिथे दोन अडचणी येतात. जुनी दांडी पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आजची बहुधा ६ मिलिमीटर, त्यामुळे मूळ नॉब डुलतो. तांब्याच्या पातळ पट्टीचा वेढा दिला की तो घट्ट बसतो. दुसरी अडचण जिवाशी गाठ घालणारी आहे. ट्रान्झिस्टर सेटसाठी बनलेल्या कंट्रोलवरचा छोटा स्विच २३० व्होल्टसाठी नसतो. मेन्सच्या सेटला तो लावूच नये. त्यापेक्षा मूळ कंट्रोल जागेवर ठेवून योग्य क्षमतेचा वेगळा स्विच वायरीत घालावा. सेटला नवं भोक पडत नाही आणि उद्या अस्सल भाग मिळाला तर तो बसवता येतो.

अस्सल भाग मिळतो तो बहुधा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या, मेलेल्या सेटमधून. म्हणून माळा रिकामा करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सेट भंगारवाल्याला देण्याआधी आतल्या स्विचचे फोटो काढा, वायरी लांब ठेवून कापा, नॉब त्यालाच बांधा आणि वर मॉडेल नंबरची चिठ्ठी लावा.