बीपनंतरचा निरोप कोणाचा?

आपल्याकडच्या बऱ्याच घरच्या धंद्यांची मांडणी साधारण सारखीच असते. ऑफिस धारवाडात, वर्कशॉप हुबळीत गोकुळ रोडकडे, आणि हिशेब बघणारी मुलगी नाहीतर सून लॅपटॉप घेऊन पुण्यात. दोन शहरांत वीसेक किलोमीटरचं अंतर, पण एसटीडी कोड एकच, 0836. जुनी गिऱ्हाइकं अजूनही त्या लँडलाइनलाच फोन लावतात, आणि तोही नेमका जेवणाच्या सुट्टीत.

अशा ऑफिसांत भिंतीवरच्या जुन्या ईपीएबीएक्सच्या जागी आता आयपी पीबीएक्स येऊ लागला आहे. त्यातल्या अनेकांच्या पोटात ॲस्टरिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं. मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने ते 1999 मध्ये लिहिलं. त्याच्या छोट्या कंपनीला विकतची फोन सिस्टिम परवडत नव्हती, एवढंच त्यामागचं कारण. त्यात व्हॉइसमेल आयताच मिळतो, आणि एक बॉक्स सगळ्यांत मिळून वापरताही येतो.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रत्येकाच्या बॉक्समध्ये निरोपाची वेगळी प्रत टाकायची. मग गिऱ्हाइकाला तिघांचे फोन जातात आणि तिघे तीन भाव सांगतात. मला दुसरा मार्ग पटतो. 500 असा एकच बॉक्स करायचा, कोणी फोन उचलला नाही की कॉल तिकडे वळवायचा, आणि दोन्ही शहरांतल्या फोनना त्याच बॉक्सवर लक्ष ठेवायला सांगायचं. निरोप आला की सगळ्या फोनवरचा दिवा लागतो. कोणीही एकाने तो ऐकला की सगळीकडचा विझतो.

खरी गोम इथेच आहे. दिवा विझला याचा अर्थ निरोप ऐकला गेला. काम झालं असा नाही. हुबळीत कोणीतरी घाईत ऐकून चहाला गेलं, तर धारवाडला वाटतं की मिटलं. बेळगावच्या कारखान्यात मात्र सुट्या भागासाठी मशीन बंद पडून असतं.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे, पण फारसं कोणी वापरत नाही. बॉक्समध्ये वेगवेगळे कप्पे असतात. ऐकलेला निरोप आपोआप ‘ओल्ड’मध्ये जातो. काम बाकी असेल तर ऐकून झाल्यावर 9 दाबायचं, मग 2, की तो ‘वर्क’ कप्प्यात राहतो. त्या कप्प्यासाठी दिवा लागत नाही, म्हणून संध्याकाळी तो कोण बघणार हे वारानुसार आधीच ठरवून ठेवावं. क्रमांक 3 चा कप्पा चक्क ‘फॅमिली’ नावाचा आहे! तरीही घरचे निरोप या बॉक्सवर नकोतच. डॉक्टरांनी काकूंच्या रिपोर्टबद्दल ठेवलेला निरोप स्टोअरकीपरने का ऐकावा? त्यासाठी वेगळा बॉक्स करायला पाच मिनिटं लागतात.

पुण्यातल्या मुलीला निरोपाची फाइल ईमेलने पाठवता येते. साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे 1 एमबी लागतो, म्हणजे काहीच नाही. फक्त ‘ईमेल पाठवून निरोप पुसून टाका’ हा पर्याय चालू करू नका. बॉक्स रिकामा झाला की इकडचे दिवे लागणारच नाहीत.

राहिली सुरुवातीची सूचना. आपल्याकडे व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही. मिस्ड कॉल दिला की झालं! बीप ऐकून माणूस फोन ठेवून देतो. त्यात मूळ सिस्टिम आपल्या सूचनेनंतर स्वतःची इंग्रजी सूचना वाजवते. ती बंद करण्याची सोय आहे, ती आधी शोधा. मग घरातल्या ओळखीच्या आवाजात, अण्णांच्या किंवा अक्कांच्या, आधी कन्नड आणि मग मराठी, पंधरा सेकंदांच्या आत: ‘नाव, नंबर आणि काम सांगा, आज संध्याकाळपर्यंत फोन करतो.’ संध्याकाळी जमणार नसेल तर ‘उद्या’ म्हणा.

आणि पासवर्ड 500 ठेवू नका. सामायिक बॉक्सचा पासवर्ड सगळ्यांनाच माहीत असतो, त्यामुळे काम सोडून कोणी गेलं की त्याच दिवशी तो बदला.