हाडे आणि उतारवय (लेखांक ५) : दार बंद, तरी खुबा मोडला

हाडे ठिसूळ कशी होतात, ते गेल्या लेखांकात पाहिले. पण हाड नुसते ठिसूळ झाले म्हणून सहसा मोडत नाही. त्याला पडण्याची जोड लागते. मग म्हातारी माणसे पडतात कुठे? २०२० च्या टाळेबंदीने याचे उत्तर न मागता देऊन टाकले. स्पेनमध्ये १४ मार्चला निर्बंध जाहीर झाले आणि २ मेपर्यंत प्रौढांना पाय मोकळे करायलाही बाहेर पडता येत नव्हते. बार्सिलोनातील एका मोठ्या रुग्णालयात या काळात वाहन-अपघातांचे आणि कामावरच्या दुखापतींचे रुग्ण झपाट्याने घटले. वृद्धांचे मोडलेले खुबे मात्र जवळपास पूर्वीइतकेच येत राहिले.

याचे कारण पडण्याच्या तऱ्हेत आहे. साठीतला माणूस भराभर चालताना ठेचकाळतो, झटकन हात पुढे टेकतो आणि मनगट मोडून घेतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा हात तेवढ्या चपळाईने पुढे येत नाही. रात्री लघवीला उठताना, अंधारात पायपुसण्यावर पाय सरकला की तो कुशीवर कोसळतो आणि सगळा भार खुब्यावर येतो. त्यासाठी रस्ता लागत नाही. पलंग ते न्हाणीघर एवढे अंतर पुरते.

यावर कोणी म्हणेल, संसर्गाच्या भीतीने लोक रुग्णालयात गेलेच नसतील, तर आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मनगटाच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. बारीक चीर अंगावर काढता येते. खुबा मोडलेल्या माणसाला बहुधा उभेही राहता येत नाही, त्याला न्यावेच लागते. म्हणूनच हा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. दुसरा आक्षेप असा, की काही ठिकाणी खुब्याचे रुग्णही थोडे कमी झाले. झाले, पण इतर अपघातांच्या मानाने ती घट किरकोळ होती.

म्हणजे घरी बसणे निदान निरुपद्रवी ठरले का? तसेही नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांच्या पायांचे स्नायू केवळ १० दिवस अंथरुणावर पडून राहिल्याने सुमारे १ किलोने घटले. टाळेबंदी म्हणजे अंथरूण नव्हे, हे खरे. पण दिशा तीच. शिवाय हाडांच्या ठिसूळपणावरचे डेनोसुमॅबसारखे दर ६ महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन घरी अडकल्याने लांबले, की हाडांची झीज उसळून येते आणि मणके दबण्याचा धोका वाढतो. अशी हानी त्याच महिन्याच्या नोंदींत दिसत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांना ‘पडाल, बाहेर जाऊ नका’ असे बजावण्याआधी न्हाणीघरात धरायला कठडा आणि वाटेवर रात्रीचा दिवा लावावा, आणि त्यांना रोज चालू द्यावे.

(पुढील लेखांकात : खुब्याची शस्त्रक्रिया लवकर का करतात?)