काटा एक सांगतो, रक्त दुसरेच

हैदराबादच्या लोकलमध्ये विद्यानगरनंतरचे स्थानक जामिया उस्मानिया. तिथून जवळच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू झालेले हे काम १९५८ मध्ये इथे आले. तेव्हाची चिंता कुपोषणाची होती. मात्र १९९०च्या दशकात याच संस्थेच्या प्राणिगृहातले काही पांढरे उंदीर भलतेच फुगू लागले. पिलू महिना-सव्वा महिन्याचे झाले की सुटायला लागे. काहींनी तर किलोचा आकडा ओलांडला!

त्यांच्यापासून लठ्ठ उंदरांचे स्वतंत्र वाण तयार झाले. एका वाणाची उपाशीपोटी साखर नॉर्मल, पण ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल आणि इन्शुलिन चढलेले. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन रक्तात भरपूर, तरी खाणे थांबत नाही. हे लेप्टिन मेदपेशीच सोडतात.

मेदपेशी म्हणजे नुसती चरबीची थैली, हा समज इथेच सुटावा. जेवणानंतर इन्शुलिनच्या हुकमाने ती चरबी आत घेते, उपास पडला की सोडते. पण पेशी फुगून भरली की तो हुकूम नीट पाळला जात नाही. मेदाम्ले अवेळी रक्तात सुटतात आणि यकृताकडे जातात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून पुन्हा रक्तात पाठवते. ट्रायग्लिसराइड वाढले की ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, बहुधा घसरते. पोटाच्या आतली चरबी यात विशेष खोडकर.

मग सडपातळ माणूस सुटला का? मुळीच नाही. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली, हेही याज्ञिकांच्या गटाने दाखवले आहे.

म्हणून लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आला की फक्त एकूण कोलेस्टेरॉल पाहून घडी घालू नये. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड १५०च्या आत हवे. एचडीएल पुरुषांत ४०, बायकांत ५०च्या खाली नको. आणि घरात शिवणाची टेप असेलच, तिने कंबर मोजा: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. आकडा त्यापुढे गेला असेल, तर वजन ‘बरोबर’ असले तरी डॉक्टरांना दाखवा.