चुबुत खोऱ्यांतील वेल्श वंशज व त्यांचा आगमनदिन

परदेशीं स्थायिक झालेल्या ब्रिटिश कुळांचे वंशज पूर्वजांचा वारसा साजरा करितात, तेव्हां ते इंग्रजी सत्तेचाच गौरव करितात, अशी सामान्य समजूत आहे. दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशाच्या चुबुत प्रांतांत प्रतिवर्षीं २८ जुलै रोजीं पाळला जाणारा आगमनदिन पाहतां ही समजूत टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

१८६५ च्या मे अखेरीस 'मिमोसा' हें जहाज सुमारें दीडशें वेल्श स्त्रीपुरुष व मुलें घेऊन लिव्हरपूलहून निघालें आणि २८ जुलै रोजीं, पुढें जेथें पुएर्तो माद्रिन शहर वसलें, त्या किनाऱ्यास लागलें. ही मंडळी केवळ पोटासाठीं निघालीं नव्हतीं. वेल्श भाषा ही प्रजेच्या उन्नतीच्या आड येणारी धोंड होय, असा ठपका १८४७ सालच्या सरकारी अहवालानें ठेविला होता. इंग्रजीचा अंमल जेथें पोंचणार नाहीं अशी भूमि शोधावी, हा मायकेल डी. जोन्स या धर्मोपदेशकाचा हेतु होता.

भूमि मिळाली ती रुक्ष. १८६७ सालीं चुबुत नदीचें पाणी पाटानें शेतांत घेतलें, तेव्हां कोठें पीक हातीं आलें. ही युक्ति रेचेल जेंकिन्स या बाईची, असें तेथील परंपरा सांगते. तेव्हेल्चे या मूळ रहिवाशांनीं नवागतांस शिकार शिकविली व पावाच्या मोबदल्यांत मांस दिलें. भूमि मुळांत त्यांची होती, ही गोष्ट उत्सवाच्या भरांत झांकून जाऊं नये.

वंशजांच्या निष्ठेचा खरा पुरावा १९०२ चा आहे. अँडीजच्या पायथ्याच्या खोऱ्याविषयीं चिली व आर्जेंटिना यांचा तंटा ब्रिटिश राजाच्या लवादाकडे गेला. पाहणीस सर टॉमस होल्डिच आला; हिंदुस्थानच्या सरहद्दीची मोजणी करणारा तोच हा अधिकारी. त्याच्यासमक्ष तेथील वेल्श लोकांनीं आर्जेंटिनाचा पक्ष घेतला.

आज हे वंशज घरीं बहुधा स्पॅनिश बोलतात. १९९७ पासून वेल्श शिकविण्यास खुद्द वेल्सहून शिक्षक येतात. आगमनदिनीं प्रार्थनामंदिरांत चहा, लोणीपाव व काळा केक यांची पंगत होते. काव्यगायनाच्या वार्षिक मेळाव्यांत कविता दोन्ही भाषांत होतात. मानाची खुर्ची मात्र वेल्श कवितेस मिळते.