उसांतील वाघ

दिंडोरी तालुक्यांत "वाघ आला" अशी हाकाटी होते, तेव्हां आलेला प्राणी बहुधा बिबट्या असतो. पट्ट्यांचा वाघ निराळा. त्यास विस्तीर्ण रान व सांबर-गव्यासारखी मोठी शिकार लागते. तो आतां महाराष्ट्रांत मुख्यत्वें मेळघाट, ताडोबा अशा विदर्भाच्या अरण्यांत नांदतो. बिबट्यास एवढा थाट लागत नाहीं. कादवेकांठच्या उसांत त्यास सावली, पाणी व लपण मिळते. तेथेंच मादी विते व पिलें वाढविते. अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली, तींत त्यांच्या खाद्यापैकीं वजनानें सुमारें ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. म्हणजे वस्तीवरचा उकिरडा कुत्र्यांस पोसतो, आणि कुत्रीं बिबट्यास.

शेळी गेली कीं आपण पिंजरा मागतों. त्यांत नवल नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत तालुक्यांत माणसेंही बळी पडलीं आहेत, आणि ज्याचें मूल गेलें त्यास प्राणिशास्त्र सांगणें निर्दयपणाचें होईल. माणसावर चटावलेलें जनावर धरलेंच पाहिजे. परंतु दिसेल तो बिबट्या धरून दूर नेण्याचा प्रयोग जुन्नर वनविभागांत फेब्रुवारी २००१ पासून झालेला आहे. वस्तीलगत धरलेले बिबटे सरासरी सुमारें ४० किलोमीटरांवरील रानांत सोडले. तत्पूर्वीं माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळांत ते १७ झाले. अनोळखी मुलखांत टाकलेलें जनावर बिथरतें व परतूं पाहतें. आणि रिकाम्या झालेल्या जागीं दुसरा तरणा बिबट्या येऊन बसतो. पिंजऱ्याचा आग्रह धरण्यापूर्वीं हा हिशेब ध्यानीं घ्यावा, असें माझें मत आहे.

ऊसतोडींत पिलें सांपडलीं तर तीं घरीं आणूं नयेत, त्यांभोंवतीं जत्राही भरवूं नये. तोड तेवढ्या भागांत थांबवून वनखात्यास कळवावें. आई बहुधा अंधार पडल्यावर येते व एकेक पिलूं तोंडांत धरून नेते. पिलें गेलेली मादी मात्र त्याच शिवारांत घुटमळते, व तोडणारांच्या कोप्याही तेथेंच असतात.

शेळ्यांचा गोठा नुसत्या कुडाचा नसावा. चारी बाजूंस व वरूनही पक्की जाळी हवी, कारण बिबट्या उंच भिंत सहज चढतो. सायंकाळनंतर मुलांस एकटें बाहेर पाठवूं नये. मीं जन्मभर दप्तरें सांभाळलीं, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों: जनावर मारलें गेल्यास ४८ तासांचे आंत वनखात्यास कळवावें, आणि पंचनामा होईपर्यंत तें जागचें हलवूं नये.