श्रूजबेरीची कृती आणि भट्टीचे गणित

पुण्याच्या कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटवर इराणी बंधूंनी १९५५ मध्ये कयानी बेकरी सुरू केली. तिथली श्रूजबेरी बिस्किटे घरी करून पाहणारे पुष्कळ आहेत. मैदा, लोणी आणि साखर हे मुख्य घटक जिभेला सहज ओळखू येतात. अवघड असते ते पुढचे.

नावावरून कृतीचा माग लागत नाही. इंग्लंडमधील श्रूजबेरी शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खाऊच्या कृती सतराव्या शतकापासून छापील मिळतात, पण त्यांत मसाले आणि गुलाबपाणी आढळते. पुण्याच्या बिस्किटाची सगळी मदार लोण्यावर. पॅकबंद मालावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. त्यावरून काय जास्त आहे हे कळते, किती आहे हे कळत नाही.

खुसखुशीतपणा येतो स्निग्धांशामुळे. मैदा पाण्यात मळला की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. मैद्याला आधी लोणी चोळले तर ते जाळे नीट बांधले जात नाही आणि बिस्किट तोंडात विरघळते. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते, तर तुपात पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे लोण्याऐवजी तेवढेच तूप घेतले, तर पीठ वेगळे वागते. साखरेचेही तसेच: दाणेदार साखरेने बिस्किट करकरीत होते, पिठीसाखरेने पोत बारीक येतो.

भट्टीची नक्कल सर्वांत कठीण. जुन्या बेकऱ्यांतील विटांच्या जाड भिंती उष्णता साठवतात आणि चहूबाजूंनी हळूहळू सोडतात. घरगुती ओव्हनची कॉइल चालू-बंद होत राहते आणि दार उघडताच उष्णता निघून जाते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घरचा रवा, मैदा, तूप, साखर बेकरीत नेऊन नानकटाई करून आणण्याची पद्धत आहे. सामान घरचे असले, तरी चव बेकरीची उतरते, कारण हात आणि भट्टी तिथली असते.

कृती गुपित ठेवायला कायद्याचाही हातभार लागतो. घटकांच्या नुसत्या यादीला कॉपीराइट मिळत नाही. पेटंट घ्यायचे तर पद्धत उघड करावी लागते, आणि त्याची मुदत २० वर्षांचीच असते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या धंदा चालवणाऱ्याला कृती घरातच ठेवणे सोयीचे पडते. चाखून स्वतः कृती शोधायला मात्र कोणाची मनाई नाही.

ती शोधताना वाटी-चमच्यापेक्षा वजनकाटा बरा. प्रत्येक घाण्याला एकच गोष्ट बदलावी आणि तापमान व वेळ लिहून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.